डबी आणि गाडी

बोरिवलीहून आईबाबांकडे मुलुंडला जायचं असलं की हल्ली मी मुद्दाम वाकडी वाट करते आणि पूर्वेला आमच्या जुन्या इमारतीपाशी उतरते. इमारत म्हणजे काय, आता नुसते निळे पत्रे आहेत. दोन पत्र्यांच्या मध्ये एक फट आहे, तिला डोळा लावला की मागचं पार्किंग दिसतं. वरचं सगळं पाडून झालं, पण तेवढा कोबा अजून कुणी उखडलेला नाही. त्या कोब्यावर तेलाचा एक भलामोठा काळा डाग आहे आणि त्याच्या शेजारी मोकळी, स्वच्छ जागा. चाळिशी उलटलेली बाई पत्र्याच्या फटीतून तेलाचा डाग बघत उभी आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्यांना जरा विचित्रच दिसत असणार. दिसू दे.

डाग जीपचा. शेजारची स्वच्छ जागा डबीची.

जीप बाबांची होती आणि डबी आईची. डबी म्हणजे जुनी, लहानशी, पांढरी मोटार, मागे सुटी डिकी नसलेली, मागचं दार उचललं की सामान ठेवायचं अशी. डबी हे नाव बाबांनी कुचेष्टेने ठेवलं, ती घरी आली त्याच दिवशी. बाबांच्या लेखी ‘गाडी’ म्हणजे फक्त जीप. ‘गाडी काढतो’ म्हणजे जीप काढतो, ‘गाडी धुवायची आहे’ म्हणजे जीप धुवायची आहे. दुसरी होती ती डबी. आईने काय करावं, ते नाव उचललं आणि लाडाने वापरायला लागली. ‘माझी डबी’ म्हणायची. मग बाबांना चिडवायला काही उरलंच नाही.

गेल्या वर्षी इमारत पाडायचं नक्की झालं. भाड्याचं घर पश्चिमेला मिळालं आणि तिथे गाडी लावायला जागा एकच. दोघींपैकी एक जाणार होती. कोणती, हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. दादा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, “अगं, असली जीप आता शोधून मिळत नाही. लोक जीव टाकतात. डबीचं काय, भंगारवाला उचलून नेईल.”

“ठेवा जीप,” आई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मला ते पटेना. कारण डबी गेली की आईचं गाडी चालवणंच गेलं. जीप तिला कधी चालवता आली नाही, आणि काचबिंदूने डोळे अधू झाल्यापासून बाबाही ती चालवत नव्हते. म्हणजे जी नुसती उभी राहणार ती ठेवायची आणि जी पळते आहे ती मोडीत घालायची, असा आमच्या घरचा न्याय. आई सत्तरी ओलांडलेली, पण ट्रॅफिकमध्ये अजून रिक्षावाल्यांना ऐकत नव्हती. तिचं ते सुख जाणार होतं आणि ती ब्र काढत नव्हती. मला तिचा रागच आला तेव्हा. आणि बाबांचा तर आलाच आला.

त्या फटीपाशी उभी राहिले की मात्र राग राहत नाही. वास यायला लागतात.

जीपचा वास म्हणजे डिझेल, ताडपत्री आणि लोखंड. बाबांचा साकीनाक्याला गाळा होता, तिथे लेथवर छोटे सुटे भाग कातायचे. संध्याकाळी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या आधी तो तेलकट वास जिना चढून यायचा. जीपच्या मागच्या बाकड्यांखाली कायम लोखंडाचा चुरा पडलेला असायचा, चकचकीत, कुरळा. शाळेच्या मोज्यांत तो अडकायचा आणि वर्गात बसल्यावर टोचायचा. आमच्या वर्गात बाकीच्यांच्या मोज्यांत गवताची कुसळं असायची, माझ्या मोज्यांत लोखंड. मला त्याचा फार तोरा होता.

सकाळी जीप सुरू करायची म्हणजे एक सोहळाच. किल्ली उलटीकडे फिरवून धरायची, हीटर तापू द्यायचा, बाबा तेवढ्यात डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे, आणि मग ती खोकून उठायची. तिच्यामागोमाग सगळी इमारत उठायची. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती काकूंनी घरात गजराचं घड्याळ कधी आणलंच नाही. “तमारी गाडी छे ने,” म्हणायच्या. दार लावायचं तर ते जरा उचलून आपटावं लागे, नाहीतर भांडुपच्या चढावर उघडायचं. जीपमध्ये बसून कुणी हळू बोलूच शकत नसे. आमच्या घरात सगळ्यांचे आवाज मोठे आहेत त्याचं कारण तेच, असं आई अजून म्हणते.

आणि तिचा तो लहान दांडा. मोठ्या गियरच्या शेजारी एक बुटका दांडा होता, त्याच्या डोक्यावरचा लाल रंग उडत आलेला. तो ओढला की चारही चाकांना जोर मिळे. त्याला हात लावायची आम्हाला सक्त मनाई होती. मुंबईत त्याचा उपयोग काय, शून्य. वर्षातून एकदा गावी, नदीकाठी उतरणाऱ्या पाणंदीत, बाबा खाली उतरून पुढच्या चाकांच्या मधल्या टोप्या हाताने फिरवायचे, परत चढायचे, तो दांडा ओढायचे आणि आमच्याकडे वळून बघायचे. बघितलंत ना, अशा त्या बघण्याने. आम्ही बघितलेलं असायचं. दरवर्षी तेच, तरी बघायचो.

मुंबईत मात्र एकदा तो दांडा कामाला आला. आमच्या रस्त्यावर खणून ठेवलेल्या चरात दुधाचा टेम्पो रुतला होता. सकाळची वेळ, दूध नाही म्हणून चहा नाही, चहा नाही म्हणून अख्खा रस्ता चिडलेला. बाबा लेंग्यावरच खाली उतरले, दोर बांधला, टोप्या फिरवल्या, दांडा ओढला आणि टेम्पो अलगद बाहेर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा काही झालंच नाही अशा चेहऱ्याने वर आले आणि आईला म्हणाले, “चहा टाक.” दिवसभर गाळ्यावर गेले नाहीत. खिडकीत बसून जीपकडे बघत राहिले.

आईला जीप चालवायची होती. हे मला खूप उशिरा कळलं. आई नाशिकची, माहेरी सायकल मारणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिने बाबांना सरळ विचारलं होतं की मला शिकवा. बाबा एका रविवारी तिला मोकळ्या मैदानात घेऊन गेले. सीट पुढे सरकायची नाही, आईचे पाय पोचायचे नाहीत. पाठीमागे उशा लावल्या तर क्लच दाबला जाईना, इतका तो जड. तिने तो दोन्ही पायांनी दाबला. जीपने उडी मारली आणि बंद पडली. बाबा हसले. वाईट हसले नसतील, त्यांना हसू आलं असेल. पण आई खाली उतरली आणि तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

बरीच वर्षं गेली. आई घाटकोपरला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. सकाळच्या पाळीला अंधारात निघावं लागायचं. दादा दहावीत असताना एके दिवशी ती घरी आली आणि पर्समधून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. आम्ही तिघंही तोंड उघडं टाकून बघत होतो. बाई कामावरून सुटल्यावर ड्रायव्हिंग स्कूलला जात होती आणि आम्हाला वाटत होतं, ओव्हरटाइम चाललाय. पुढच्या महिन्यात तिच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची जुनी गाडी तिला दिली, आणि डबी आमच्या घरी आली.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबा मूळचे कुडाळच्या बाजूचे. गावी जाताना त्यांची एक रीत होती. पहाटे सामान बांधून झालं की जीपच्या पुढच्या चाकासमोर नारळ ठेवायचा आणि बाबा हात जोडून गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं, मालवणीत. एरवी बाबा आमच्याशी साधं मुंबईचं मराठी बोलायचे, पण देवाशी मात्र मालवणीच. “बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां घरची वाट धरतत. वाटेत खंय काय अडलां नडलां, तर तू उभो ऱ्हव रे म्हाराजा,” आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, “व्हय म्हाराजा.” आम्ही म्हणायचोच, पण गॅलरीत दात घासत उभे असलेले शेजारीही म्हणायचे. गुजराती काकू तर सगळ्यात मोठ्याने.

गाऱ्हाण्याची गंमत अशी की त्यात ‘नाही’ म्हणायची सोय नाही. बाबा काहीही मागोत, बाकीच्यांनी होकारच भरायचा. हे बाबांनी बरोबर हेरलं होतं. “ह्या चेडवाक पाढे येवंदेत रे म्हाराजा,” असं ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, आणि मला सगळ्यांसमोर “व्हय म्हाराजा” म्हणावं लागायचं. दादाचं गणित, गाळ्याच्या मालकाची कटकट, आत्याचं लग्न, सगळं त्या नारळासमोर निघायचं. आणि एकदा, आदल्या रात्री आईबाबांचं कडाक्याचं भांडण झालेलं असताना, बाबा म्हणाले, “काल ह्या घरात जां काय उणां-दुणां बोललां गेलां, तां पोटात घाल रे म्हाराजा.” मी चोरून आईकडे बघितलं. तिचं तोंड फुगलेलं होतं. तरी ती हळूच म्हणाली, “व्हय म्हाराजा.” झालं. पेणपर्यंत दोघं बोलायला लागले. बाबांनी तिला तोंडावर कधी ‘चुकलं माझं’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांचं माफी मागणं, प्रेम, काळजी, सगळं देवाच्या पत्त्यावर जायचं आणि आईने ते तिथून घ्यायचं.

डबी आली तेव्हा आईने नारळ आणून ठेवला होता. बाबा खाली आले, डबीला एक फेरी मारली, टपावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, “हिला कसलं गाऱ्हाणं? ही जाणार घाटकोपरपर्यंत.” मग वर निघून गेले. आईने स्वतःच हळदकुंकू लावलं, चोक ओढला, आणि डबी चुर्र करून सुरू झाली. त्या नारळाची संध्याकाळी सोलकढी झाली. आई पुन्हा त्यावर कधी बोलली नाही, पण मला ती सोलकढी आठवते. कुणीच वाढून घेतली नव्हती.

डबीचा वास वेगळा. स्पिरिटचा, कापसाचा, आणि मागच्या काचेशी सुकत पडलेल्या गजऱ्याचा. आई कामावरून येताना घाटकोपर स्टेशनच्या बाहेरून गजरा घ्यायची, घरी पोचेपर्यंत घालायची आणि मग काढून मागे ठेवायची. घरात का नाही घालत, मी विचारायचे. “गाडीतल्यासाठी आहे,” म्हणायची. डबीचं दार दोन बोटांनी लागायचं. काचा वर केल्या की बाहेरचा एलबीएस रोड निम्मा गप्प व्हायचा. मी पुढे बसायचे, आई गाडी चालवायची आणि गुणगुणायची. घरात ती कधी गुणगुणली नाही. घरात तिला वेळच नसायचा म्हणा.

जीपमध्ये आम्ही सगळे एकदम असायचो, एकमेकांच्या गुडघ्यांवर, पोत्यांवर, फणसांवर. डबीत एका वेळेला एकच कुणीतरी आणि आई. दादाला कॉलेजात आवडलेल्या मुलीचं त्याने पहिल्यांदा सांगितलं ते डबीत. मला नोकरी नको, लग्नही नको, मला काहीच नको असं एकदा झालं होतं, तेव्हा आईने मला डबीत घालून पवईच्या तळ्यापाशी नेलं, भुट्टा घेऊन दिला आणि एक अक्षर विचारलं नाही. मी आपणहोऊन रडले आणि आपणहोऊन गप्प झाले. जीपमध्ये हे जमलंच नसतं. तिच्यात रडायचं म्हणजे ओरडून रडावं लागलं असतं.

मावशी वाकोल्याला राहायची. तिची गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर माणसाने भिंतीला चिकटावं. डबी आत शिरायची. जीपची प्राज्ञा नव्हती. पण बाबा डबीतून यायला तयार नसायचे, मग दोन्ही गाड्या निघायच्या. आम्ही आईबरोबर थेट मावशीच्या दारात. चहा होऊन दुसरा व्हायला आलेला असायचा तेव्हा बाबा घामाघूम होऊन, हातात मिठाईचा पुडा, पायी पायी गल्लीतून येताना दिसायचे. जीप त्यांनी हायवेच्या कडेला लावलेली. मावशी आईला कोपराने ढोसायची. “आले बघ राजे.” आई हसायची नाही. पण त्यांच्यासाठी पंखा फुल करायची.

नंतर बाबांना डबीत बसावंच लागलं, डोळे बिघडल्यावर. काचबिंदूत समोरचं दिसतं पण बाजूचं हळूहळू मिटत जातं, तसं झालं त्यांचं. दर महिन्याला आई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची. बाबा मागे बसायचे, पुढची सीट रिकामी ठेवून. “पुढे बसलो की माझे पाय ब्रेक शोधतात,” म्हणायचे. आई म्हणायची, “मग लोक मला ड्रायव्हर समजतात, त्याचं काय?” बाबा म्हणायचे, “समजू देत. भाडं मागून घे.” दोघं हसायचे, पण बाबा मागेच बसायचे.

निवृत्त झाल्यावर आई अधूनमधून एकटीच डबी घेऊन बाहेर पडायला लागली. सकाळी डबा, औषधं, कपडे वाळत घालणं, सगळं आवरून किल्ली घ्यायची आणि जायची. दुपारी परत. बाबा विचारायचे, “कुठे गेली होतीस?” ती म्हणायची, “जाऊन आले.” मी विचारलं तरी तेच. बाबांना ते आवडायचं नाही. त्यांना वाटायचं, आपल्याला सांगत नाही म्हणजे काहीतरी आहे. मला वाटायचं, काहीही नसेल, आणि तेच तिला हवं असेल. घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर कुणाचंही नसलेलं थोडं काहीतरी.

बाबा मात्र रोज संध्याकाळी काठी घेऊन खाली जायचे, जीपमध्ये चढायचे, इंजिन सुरू करायचे आणि बसून राहायचे. गाडी गरम ठेवावी लागते, म्हणायचे. ती कुठेही जायची नाही. धूर मात्र आमच्या गॅलरीपर्यंत यायचा, आणि आई खिडकी लावून घ्यायची.

तर असे आम्ही गेल्या वर्षीच्या त्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आलो. घरात खोके, जुन्या पेपरांची रद्दी, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. रविवारी सकाळी गाडी न्यायला माणूस येणार, एवढं बाबांनी सांगितलं होतं. मी आदल्या दिवशीच येऊन राहिले होते, आईला एकटं वाटू नये म्हणून. सकाळी उठून बघते तर आई खाली डबी धूत होती. बादली, फडकं, साडीचा पदर खोचलेला. चाकं, काचा, आतल्या पायपुसण्यासुद्धा झटकून ठेवलेल्या.

“अगं, भंगारात जाणारी गाडी कोण धुतं?” मी म्हटलं.

“मी धुते,” आई म्हणाली. “घाणेरडी नाही जाणार ती.”

मी दुसरं फडकं घेतलं. आम्ही दोघी न बोलता डबी पुसत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आईच्या नव्हत्या. तिला एकदा ठरलं की रडू येत नाही.

तेवढ्यात बाबा काठी टेकत खाली आले. दुसऱ्या हातात नारळ. मला वाटलं, चला, जाता जाता का होईना, डबीला नारळ तरी मिळाला. पण ते डबीवरून पुढे गेले, हाताने चाचपत जीपच्या पुढच्या चाकाशी पोचले आणि वाकून तिथे नारळ ठेवला. फाटकातून एक माणूस आत आला, कर्जतकडचा, शेतावर वापरायला जुनी जीप शोधणारा. गेली काही वर्षं तो बाबांच्या मागे लागलेला होता आणि बाबा त्याला हाकलून देत होते. आज त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. मला नाही सांगितलं, दादाला नाही. आईलाही नाही.

बाबांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ही गाडी आज दुसऱ्या घराक जाता. हिणा माका वाटेत कधी टाकल्यान नाय. थंय हिचां बरां होवंदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. कर्जतचा माणूसही बिचारा काहीतरी पुटपुटला.

“आणि जी मागे ऱ्हवतली, ती चालवणाऱ्याचो हात असोच चलतो ऱ्हवांदे रे म्हाराजा.”

मी तोंड उघडलं. मग लक्षात आलं की आईचा आवाज आधीही आला नव्हता आणि आताही येत नव्हता. ती हातात ओलं फडकं घेऊन डबीपाशी तशीच उभी होती.

“देवाला कशाला सांगताय?” ती म्हणाली. “इतकी वर्षं त्यालाच सांगत आलात. मी इथे उभी आहे. मला सांगा.”

कर्जतचा माणूस सभ्यपणे रस्त्याकडे बघायला लागला. बाबांचे हात अजून जोडलेलेच. बाजूचं त्यांना दिसत नाही, म्हणून आई नेमकी कुठे आहे ते बघायला त्यांना सगळं अंग वळवावं लागलं. त्यांनी ते वळवलं, सावकाश, आणि ती समोर येईपर्यंत थांबले. मग हात खाली घेतले.

“मला आता चालवता येणार नाही गं,” बाबा म्हणाले. साध्या मराठीत, हळू आवाजात. “जीप ठेवली तर मी तिच्यात बसून राहणार आणि तू घरात बसून राहणार. ते मला बघवायचं नाही. तू चालव. तुला चांगलं चालवता येतं, हे मी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.” थोडं थांबून म्हणाले, “आणि मला पण ने कुठेकुठे. मला तुझ्याशिवाय कुठेच जाता येत नाही.”

इतकी सलग वाक्यं बाबा आईशी बोललेले मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आईने फडकं पिळलं, बादलीच्या कडेवर वाळत घातलं, ते नीट पसरवलं. मग बोलली ती तिच्याच पद्धतीने.

“नेईन,” म्हणाली. “पण दर वेळी नाही. कधीकधी मी एकटी जाणार. आणि आल्यावर कुठे गेली होतीस म्हणून विचारायचं नाही.”

बाबांनी मान हलवली. आई वाट बघत राहिली, म्हणून मग तोंडाने म्हणाले, “नाही विचारणार.”

कर्जतच्या माणसाने हीटर तापवला, जीप खोकून उठली, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. फाटकातून ती बाहेर पडेपर्यंत बाबा आवाजाच्या दिशेने बघत होते. त्यांना ती किती दिसली कोण जाणे. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला, हायवेला लागेपर्यंत. मी बाबांचा हात धरला होता, आणि तो अगदी शांत होता.

आता पत्र्याआड दुपारचं ऊन त्या डागावर आलंय. डाग ऊन पडलं की थोडा निळसर दिसतो. आतमध्ये कुणीतरी लोखंड कापतंय, त्याचा वास येतोय, आणि क्षणभर मला मोज्यांत काहीतरी टोचल्यासारखं होतं. मी हसले. मागे वळून फोन काढला. म्हटलं, आईला सांगावं, मी पूर्वेला आलेय, येतेस का न्यायला. आईचा फोन वाजत राहिला. मग घरी लावला. बाबांनी उचलला.

“आई कुठेय?”

“डबी घेऊन गेली.”

“कुठे?”

“माहीत नाही,” बाबा म्हणाले. “मी विचारत नाही.” त्यांच्या आवाजात जरा ऐट होती, एखादी अवघड गोष्ट जमायला लागलेल्या माणसाची. “तू रिक्षा करून ये. मी चहा टाकतो. येईल ती.”